रेंज आखूड, हिशोब फाटका : सॉर्टच्या मॅक्रोत सेलची रेंज कशी बसवायची

फेब्रुवारी-मार्चात आंब्याच्या पेट्यांचं एक्सेलचं शीट जेमतेम साठ-सत्तर ओळींचं असतं. तेव्हा कोणीतरी सॉर्टचा मॅक्रो, म्हणजे ओळी क्रमाने लावायची साठवून ठेवलेली आज्ञा, रेकॉर्ड करतं, वर एक बटण चिकटवतं आणि बटण दाबलं की बागायतदारांची नावं क्रमाने लागतात. एप्रिलात तेच बटण दाबलं की वरची नावं लागतात आणि खालची आहेत तशीच राहतात. मग मला फोन येतो. देवगड पट्ट्यातल्या दोन-तीन पॅकिंग शेडच्या नोंदी मी बघतो आणि दर हंगामात हेच सांगत बसतो, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

मॅक्रो बिघडलेला नसतो. रेकॉर्ड करताना डेटा जिथवर होता तिथवरचे सेल त्यात आकड्यांनी कोरले गेलेले असतात. या पट्ट्याला रेंज म्हणतात. 'ए४ ते एच७१' म्हणजे तेवढंच. त्यानंतर दोनशे ओळी वाढल्या हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

रेंज दोन बाजूंनी आखूड पडते. खालून आखूड पडली तर दिसतं, कारण खालच्या ओळी उघड्या बिनक्रमाच्या राहतात. उजवीकडून आखूड पडली तर काहीच दिसत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. एका शेडमध्ये शीटला सात कॉलम होते. मोसमाच्या मध्यावर कोणीतरी आठवा जोडला, पट्टीच्या (दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या) रकमेचा. मॅक्रो सातच ओळखत होता. बटण दाबल्यावर नावं, गावं, पेट्या खालीवर झाल्या आणि रकमा जागच्या जागी राहिल्या. जामसंड्याच्या घाडींच्या बारा पेट्यांपुढे कुणकेश्वरच्या परबांच्या तीन पेट्यांचे पैसे येऊन बसले. खालची एकूण बेरीज मात्र पैशापैशाला जुळत होती! शेडवरच्या पोराने फोनवर एका वाक्यात सगळं सांगितलं : "दादा, नावां हलली, पैशे थंयच रवले."

हाताने सॉर्ट करताना एकच कॉलम निवडला तर एक्सेल विचारतो की शेजारचा डेटाही घेऊ का. मॅक्रो विचारत नाही. दिलेली रेंज घेतो आणि कापतो.

वाचण्याआधी एक सूचना. कोडच्या ओळी मी फोनवर सांगतो तशा, देवनागरीत उच्चारून लिहिल्या आहेत. मॅक्रो लिहायच्या एडिटरमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. सगळं लहान अक्षरांत टाइप करा. स्पेलिंग बरोबर असेल तर ओळ सोडताच एडिटर त्या शब्दातली योग्य अक्षरं आपणहून मोठी करतो. आपण स्वतः ठेवलेली नावं सोडून एखादा शब्द लहानचा लहान राहिला तर स्पेलिंग चुकलंय असं समजा.

## टप्पा १ : कोड राहू द्या, आधी शीट सरळ करा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पुढची उदाहरणं मी या मांडणीवर देतोय :

- ओळ १ : शेडचं नाव, मोसम. इथे सेल मर्ज केलेले चालतील.
- ओळ २ : एकूण पेट्या, एकूण रक्कम आणि बटण.
- ओळ ३ : कोरी. हिला हात लावायचा नाही.
- ओळ ४ : हेडिंग. ए नोंद क्रमांक, बी तारीख, सी बागायतदार, डी गाव, ई पेट्या, एफ डझन, जी दलाल, एच पट्टीची रक्कम, आय शेरा.
- ओळ ५ पासून नोंदी.

एकूण बेरीज खाली ठेवायची सवय वहीतून आलेली आहे. वहीचं पान संपतं म्हणून तिथे ती शोभते. शीटमध्ये खाली ठेवलेली 'एकूण'ची ओळ सॉर्टमध्ये सापडली की ती 'ए'कार म्हणून नावांमध्ये वर जाऊन बसते. तिला ओळ २ मध्ये आणा.

ओळ ४ च्या खाली एकही मर्ज सेल नको. एकाच बागायतदाराच्या चार ओळी असल्या की नावाचे चार सेल जोडून मधोमध नाव लिहिण्याची हौस अनेकांना असते. तसं शीट एक्सेल सॉर्ट करत नाही. सगळे मर्ज सेल एकाच मापाचे हवेत, अशी तक्रार करून थांबतो. मर्ज काढा आणि नाव चारही ओळींत भरा.

'मागील बाकी अधिक आजची' असा वरच्या ओळीवर अवलंबून असलेला फॉर्म्युला नोंदीच्या शीटवर नको. ओळी हलल्या की 'वरची ओळ' बदलते आणि बाकी काहीतरीच दाखवू लागते. त्याच ओळीतल्या सेलचा गुणाकार असेल, पेट्या गुणिले दर वगैरे, तर हरकत नाही.

शेवटचा मुद्दा समासातल्या खरडीचा. ओळ ९० च्या बाजूला, के कॉलममध्ये, 'यांना फोन करणे' असं कोणीतरी लिहून ठेवतं. के ला हेडिंग नाही म्हणजे तो रेंजबाहेर. सॉर्ट झालं की तो निरोप भलत्याच माणसापुढे जातो. असलं सगळं शेऱ्याच्या कॉलममध्येच.

तपासणी : हेडिंगच्या एका सेलवर उभे राहा आणि कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. सलग भाग निवडला जाईल. निवड ओळ ४ पासून शेवटच्या नोंदीपर्यंत आणि ए पासून आय पर्यंत गेली पाहिजे. मध्येच थांबली तर तिथे एक पूर्ण कोरी ओळ किंवा कोरा कॉलम आहे. वर ओळ १ पर्यंत गेली तर ओळ ३ मध्ये काहीतरी पडलंय, निदान एखादी मोकळी स्पेस.

## टप्पा २ : परतीची वाट ठेवा

मॅक्रो चालला की अन्डूची यादी पुसली जाते. कंट्रोल झेड दाबून काही उपयोग नाही. म्हणून तीन गोष्टी आधी करायच्या.

पहिली, फाइलची कॉपी. तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये. आपल्याकडे मेच्या मध्यावर दुपारी ढग गडगडले की लाइट जाते, तेव्हा ही कॉपी नुसत्या सॉर्टसाठीच नाही हे लक्षात येईल.

दुसरी, नोंद क्रमांक. ए कॉलममध्ये १, २, ३ हे टाइप केलेले आकडे हवेत, फॉर्म्युला नको. ओळीच्या क्रमांकावरून आकडा काढणारा फॉर्म्युला लावलात तर सॉर्टनंतर तो पुन्हा वरून १, २, ३ असाच दिसेल आणि मूळ क्रम कायमचा गेला. टाइप केलेला आकडा ओळीबरोबर फिरतो. उद्या मूळ क्रम हवा असेल तर ए वर सॉर्ट केलं की झालं.

तिसरी गोष्ट सहसा कोणी करत नाही. वर सांगितलं तसं, ओळी फाटल्या तरी साधी बेरीज जुळतेच, कारण आकडे तेच असतात, नुसत्या जोड्या बदललेल्या असतात. जोड्या तपासायला ओळ २ मध्ये एका सेलात सम-प्रॉडक्टचा फॉर्म्युला लावा :

    = समप्रॉडक्ट(ई५:ई२०००, एच५:एच२०००)

प्रत्येक ओळीतल्या पेट्या गुणिले त्याच ओळीतली रक्कम, आणि त्या सगळ्यांची बेरीज. या आकड्याला व्यवहारात काही अर्थ नाही, पण ओळी शाबूत असतील तर सॉर्टच्या आधी आणि नंतर तो तोच राहतो. रकमा एकीकडे आणि पेट्या दुसरीकडे गेल्या की लगेच बदलतो. आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा.

## टप्पा ३ : रेकॉर्ड झालेला मॅक्रो उघडून वाचा

आल्ट आणि एफ११ दाबा. डावीकडे फाइलचं नाव, त्याखाली मॉड्यूल्स, त्यात मॉड्यूल १. मॅक्रोत साधारण असा मजकूर दिसेल : सॉर्टफील्ड्स क्लिअर, मग सॉर्टफील्ड्स ॲड किंवा ॲड२, मग सेटरेंज, हेडर, शेवटी अप्लाय. रेंज दोन प्रकारच्या ठिकाणी आहे हे नीट बघा. एक 'की'च्या पुढे, म्हणजे कोणत्या कॉलमवर क्रम लावायचा ते. दुसरी सेटरेंजच्या पुढे, म्हणजे काय काय हलवायचं ते.

इथली नेहमीची चूक म्हणजे एकच जागा बदलणं. सेटरेंजमध्ये ७१ चे ३०० केले, 'की'मध्ये ७१ च राहिले, किंवा उलट. 'की' ही हलवायच्या रेंजच्या आत नसेल तर १००४ नंबरची एरर येते. आणि दोन्हीकडे ३०० लिहून सुटका होत नाहीच, मेमध्ये पुन्हा फोन.

आपल्या भाषेमुळे होणारा घोळही इथेच दिसतो. शीटच्या टॅबचं नाव 'नोंद' किंवा 'पेट्या' असं मराठीत असेल तर कोडमध्ये त्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. या एडिटरला देवनागरी लिहिता येत नाही. मग मॅक्रो चालवला की ९ नंबरची एरर येते, कारण प्रश्नचिन्हं नावाचं शीट फाइलमध्ये नसतं. टॅबचं नाव इंग्रजीत बदलायची गरज नाही. डावीकडच्या यादीत प्रत्येक शीटची दोन नावं दिसतात, कंसात टॅबवरचं आणि कंसाबाहेर शीट१, शीट२ असं. कंसाबाहेरचं नाव कोडमध्ये थेट वापरता येतं आणि टॅबचं नाव कोणी बदललं तरी ते तसंच राहतं. पुढे मी सगळीकडे शीट१ लिहितोय. तुमच्या नोंदीचं शीट शीट३ असेल तर शीट३ लिहा.

मॅक्रो त्याच फाइलमध्ये हवा. ती फाइल 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' म्हणूनच सेव्ह झाली पाहिजे, साध्या प्रकारात सेव्ह केली तर मॅक्रो गळून पडतो.

रेकॉर्ड झालेला मॅक्रो दुरुस्त करत बसू नका, असं माझं मत. वाचून घ्या, समजून घ्या, आणि खाली नवा लिहा. चौदा-पंधरा ओळींचं काम आहे.

## टप्पा ४ : शेवटची ओळ शोधून काढा

मॉड्यूलच्या अगदी वर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' हे दोन शब्द असू द्या. मग :

    सब पेटीसॉर्ट()
    डिम एलआर ॲज लाँग
    डिम एलसी ॲज लाँग
    डिम आरजी ॲज रेंज

एलआर म्हणजे शेवटची ओळ, एलसी म्हणजे शेवटचा कॉलम. इंटिजर न लिहिता लाँग लिहिलं, कारण इंटिजरमध्ये ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही आणि शीटला १०,४८,५७६ ओळी असतात.

    इफ शीट१.फिल्टरमोड देन शीट१.शोऑलडेटा
    एलआर = शीट१.सेल्स(शीट१.रोज.काउंट, २).एंड(एक्सएलअप).रो

दुसरी ओळ काय करते? शीटच्या तळाशी, बी कॉलमच्या अगदी शेवटच्या सेलवर जाते आणि तिथून कंट्रोल आणि वरचा बाण दाबल्यासारखी वर येते. पहिला भरलेला सेल लागला की थांबते आणि त्या ओळीचा क्रमांक सांगते. वरून खाली जाऊ नका, मध्ये एक तारीख राहून गेली असेल तर तिथेच अडकायला होतं.

कंसातला २ म्हणजे बी कॉलम, तारीख. हा कॉलम निवडण्यात सगळी गोम आहे. ज्याच्यात प्रत्येक नोंदीला काहीतरी भरलेलंच असतं आणि नोंद नसेल तिथे काहीही नसतं, असा कॉलम हवा.

ए चालत नाही, कारण बहुतेक जण मोसमाच्या सुरुवातीलाच ५०० पर्यंत क्रमांक ओढून ठेवतात. मग शेवटची ओळ ५०४ येते. एच चालत नाही, कारण वाशीला माल गेल्यावर पट्टी यायला काही दिवस लागतात. अलीकडच्या नोंदींपुढे रक्कम नसते आणि नेमक्या त्याच सुटतात. ज्या कॉलममध्ये फॉर्म्युला खालपर्यंत ओढलेला आहे तोही नको. फॉर्म्युलाने सेल कोरा दाखवला तरी एक्सेलच्या दृष्टीने तो भरलेलाच असतो.

पहिल्या ओळीतली फिल्टरची भानगड अशी. कोणी एकाच गावाचा फिल्टर लावून ठेवला असेल तर तळातून वर येताना लपलेल्या ओळी वगळल्या जातात आणि शेवटची दिसणारी ओळच हाती लागते. शिवाय लपलेल्या ओळी सॉर्टमध्ये हलत नाहीत. म्हणून आधी फिल्टर मोकळा. 'इफ' गाळू नका, फिल्टर लागलेला नसताना शोऑलडेटा म्हटलं की एरर येते. आणि फिल्टरने न लपवता हाताने लपवलेल्या ओळी यातून उघडत नाहीत. त्या आधी स्वतः उघडा.

सावधान : 'एक्सएलअप'मध्ये दुसरं अक्षर एल आहे, आकडा एक नव्हे. फोनवर सांगताना ही चूक हमखास होते. वर ऑप्शन एक्स्प्लिसिट असेल तर एडिटर लगेच अडवतो, नसेल तर ती चूक शोधण्यात दुपार जाते.

## टप्पा ५ : शेवटचा कॉलमही शोधा

शेवटची ओळ शोधायचं पुष्कळांना माहीत असतं. कॉलम मात्र 'एच' असा पक्का लिहून टाकतात, आणि घाडी-परबांचा प्रकार नेमका त्यातूनच होतो.

    एलसी = शीट१.सेल्स(४, शीट१.कॉलम्स.काउंट).एंड(एक्सएलटूलेफ्ट).कॉलम

ओळ ४ च्या उजव्या टोकापासून डावीकडे यायचं, पहिलं हेडिंग लागेल तिथे थांबायचं. उद्या कोणी दहावा कॉलम जोडला, 'डागी फळं' किंवा 'हमाली', तर तो आपोआप आत येईल. अट एकच, त्याला हेडिंग हवं. हेडिंगशिवाय कॉलम भरायचा नाही, हे शेडवरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. मी तर ओळ २ मध्ये लाल अक्षरांत लिहूनच ठेवतो.

नवा कॉलम जोडायचा तर उजवीकडेच जोडा. मध्ये घुसवला तर पुढच्या टप्प्यात दिलेले कॉलमचे आकडे सरकतात आणि गावाऐवजी भलत्याच कॉलमवर क्रम लागतो.

यूज्डरेंज नावाचं तयार साधन आहे, ते का नाही असं कोणी विचारेल. त्यात रंग किंवा चौकट दिलेले रिकामे सेलही मोजले जातात, आणि ओळ १ वरचं शेडचं नावही त्यात येतं. सॉर्टसाठी ते नको.

## टप्पा ६ : रेंज बांधा आणि सॉर्ट करा

    इफ एलआर < ६ देन एक्झिट सब
    सेट आरजी = शीट१.रेंज(शीट१.सेल्स(४, १), शीट१.सेल्स(एलआर, एलसी))

पहिली ओळ मोसमाच्या पहिल्या दिवशीसाठी. नोंद एकही नसेल किंवा एकच असेल तर सॉर्ट करण्यासारखं काही नाही. ही अट नसेल आणि रेंज ओळ ५ पासून बांधली असेल तर 'ए५ ते ए४' असा उलटा पत्ता तयार होतो. एक्सेल निमूटपणे त्याचा ए४ ते ए५ करतो आणि हेडिंग सॉर्टमध्ये ओढलं जातं.

दुसऱ्या ओळीत शीट१ तीनदा आलंय. कंटाळा येतो म्हणून आतल्या दोन ठिकाणी गाळतात. गाळलं तर आतले सेल्स त्या वेळी समोर उघड्या असलेल्या शीटचे धरले जातात. स्वतःच्या टेबलावर चाचणी घेताना नोंदीचंच शीट समोर असतं, म्हणून चालतं. शेडवर कोणी दरांच्या शीटवर उभं राहून मॅक्रो चालवला की १००४. 'तुमच्याकडे चालतं, आमच्याकडे नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता सॉर्ट :

    आरजी.सॉर्ट की१:=आरजी.सेल्स(१, ४), ऑर्डर१:=एक्सएलअसेंडिंग, _
      की२:=आरजी.सेल्स(१, ३), ऑर्डर२:=एक्सएलअसेंडिंग, _
      की३:=आरजी.सेल्स(१, २), ऑर्डर३:=एक्सएलअसेंडिंग, _
      हेडर:=एक्सएलयेस
    एंड सब

आधी गाव, गावात बागायतदार, बागायतदारात तारीख. की रेंजच्या आतूनच घेतलेली असल्यामुळे ती बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. ओळ मोडायची तर शेवटी स्पेस आणि अंडरस्कोअर. स्पेस विसरली तर ओळ लाल होते.

या पद्धतीत तीनच की देता येतात. शेडच्या कामाला तेवढ्या पुरतात. रेकॉर्डर जी लांब पद्धत लिहितो तिच्यात ६४ पर्यंत देता येतात, पण तिथे दर वेळी सॉर्टफील्ड्स क्लिअर करावं लागतं, नाहीतर जुन्या की साचत जातात आणि नवा क्रम मागे पडतो.

हेडरचं येस कधीही गाळू नका. ही पद्धत मागच्या सॉर्टच्या काही निवडी त्या शीटपुरत्या लक्षात ठेवते, हेडर त्यातलीच एक. तुम्ही सांगितलं नाही तर मागच्या वेळी जे होतं तेच लागू होतं, आणि एखाद दिवशी 'बागायतदार' हे हेडिंगच परब आणि भाट्यांच्या शेजारी जाऊन बसतं.

## टप्पा ७ : चालवण्याआधी पत्ता वाचा

सॉर्टच्या ओळीच्या आधी तात्पुरती एक ओळ घाला :

    मेसेजबॉक्स आरजी.ॲड्रेस

हा एकच शब्द मी पूर्ण उच्चारलाय, टाइप करताना तो एम एस जी बी ओ एक्स असा आखूड लिहायचा. आता एफ८ दाबत एकेक ओळ चालवा. पिवळी पट्टी खाली सरकत जाईल आणि चौकटीत पत्ता दिसेल, समजा ए४ ते आय२८७, मध्ये डॉलरची चिन्हं. तिथेच थांबा. शीटवर जाऊन बघा, शेवटची नोंद खरंच ओळ २८७ वर आहे का, शेवटचं हेडिंग आय मध्येच आहे का. दोन्ही जुळलं तरच पुढचं एफ८.

सॉर्ट झाल्यावर ओळ २ मधला सम-प्रॉडक्टचा आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. मग एक खोटी नोंद शेवटी जोडा, उजवीकडे एक खोटा कॉलम हेडिंगसकट जोडा, त्या नोंदीपुढे त्या कॉलममध्ये काहीतरी खूण लिहा आणि पुन्हा चालवा. खूण नोंदीबरोबर हलली तर मॅक्रो पास. मेसेजची ओळ आणि खोटा माल काढून टाका.

क्रम लागला पण विचित्र लागला, तर दोष रेंजचा नाही, भरलेल्या मजकुराचा आहे. १२.४.२५ असं टिंबं देऊन लिहिलेली तारीख ही तारीख नसून मजकूर असते; ती सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते आणि खऱ्या तारखांच्या खाली जाते. कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन राहिली असेल तर आणखी गंमत : ४/५ ही पाच एप्रिल होते आणि २५/५ मजकूर होतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत करा. नावाच्या आधी पडलेली एक स्पेस त्या बागायतदाराला यादीच्या डोक्यावर नेऊन बसवते. जामसंडे आणि जामसांडे ही एक्सेलला दोन गावं आहेत.

## टेबल केलं तर?

नोंदींच्या भागावर उभं राहून कंट्रोल टी दाबलं की त्याचं टेबल होतं. नवी ओळ, नवा कॉलम जोडला की टेबल स्वतः पसरतं, म्हणजे टप्पा ४ आणि ५ मधल्या एलआर, एलसी शोधायच्या ओळी गळतात. नवीन फाइल करत असाल तर मी हेच सुचवेन. 'इफ एलआर'ची ओळ काढून टाका आणि सेट आरजीच्या जागी हे :

    सेट आरजी = शीट१.लिस्टऑब्जेक्ट्स(१).रेंज

मात्र टेबलाची 'टोटल रो' लावलेली असेल तर ही रेंज तिलाही धरते, म्हणून ती बंद ठेवा, बेरीज आपली ओळ २ मध्येच. शीटला पासवर्ड लावून प्रोटेक्ट केलं असेल तर टेबल पसरत नाही. आणि टेबलाला नाव द्यायचंच असेल तर ते इंग्रजी अक्षरांत द्या, कारण तुम्हाला टप्पा ३ मधून माहीत आहे.

## अडलं तर

१००४ : शीट प्रोटेक्ट आहे का, मर्ज सेल आहे का, आतल्या सेल्सच्या आधी शीट१ लिहिलंय का. याच क्रमाने बघा.

९ : टॅबचं मराठी नाव कोडमध्ये राहिलंय.

४३८ : नव्या एक्सेलवर रेकॉर्ड केलेला ॲड२ जुन्या एक्सेलला कळत नाही. २ खोडा. वर दिलेल्या पद्धतीत हा प्रश्न येत नाही.

काहीच होत नाही, वर लाल पट्टी येते : फाइल व्हॉट्सॲप किंवा मेलवरून आली असेल तर एक्सेल तिच्यातले मॅक्रो रोखतो. फाइल बंद करा, तिच्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक. फाइल कोणाची आहे ते माहीत असेल तरच.

## आधीच फाटलं असेल तर

सेव्ह करू नका. सेव्ह न करता फाइल बंद करा आणि पुन्हा उघडा. ऑटोसेव्ह चालू असेल तर आधी तो बंद.

सेव्ह झालेलं असेल तर शेवटच्या चांगल्या कॉपीपर्यंत मागे जा आणि त्यानंतरच्या नोंदी नव्याने भरा. कॉपीही नसेल पण मॅक्रो एकदाच चालला असेल आणि ए कॉलम त्या रेंजच्या आत असेल, तर एक मार्ग उरतो. मॅक्रोने ज्या कॉलमना हलवलं, तेवढेच कॉलम आणि तेवढ्याच ओळी हाताने निवडा आणि ए वर सॉर्ट करा. 'शेजारचा डेटा घेऊ का' असं विचारलं तर या एकाच वेळी नाही म्हणा. हललेला भाग मूळ क्रमावर येतो आणि न हललेल्या रकमांसमोर पुन्हा बरोबर बसतो. मध्ये नव्या रकमा भरल्या असतील तर हे जमत नाही.

घाडी-परबांच्या वेळी मध्ये दोन दिवस रकमा भरल्या गेल्या होत्या. मग तारेला टोचलेल्या पट्ट्या काढल्या आणि पहिल्या नोंदीपासून एकेक रक्कम वाचून पुन्हा टाइप केली. एकजण वाचायला, एकजण टाइप करायला, आणि एकशे चाळीस पट्ट्या.